वहीतले चार वेढे

आण्णा, धाकटा रविवारी वही न्यायला येतोय. तीच, लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, जिच्या पानांच्या कडा तुमच्या बोटांच्या वॉर्निशनं कडक झाल्या आहेत. परवा त्याचा फोन आला. "आक्का, स्टीलच्या मिलमधलं आता होत न्हाई मला. भट्टीच्या झळीनं डोळ्याला पाणी लागून राह्यलंय. तीर्थपुरीत एक गाळा बघून आल्तो. पाण्याच्या जळक्या मोटारींची तार भरीन म्हणतो पुन्हा. आण्णाची वही तुझ्याकडंच हाये ना?" मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "मागच्या बारीला माझा हातच बसलेला नव्हता. आता वही समोर ठिवून बराबर करतो." सासूबाईंची कूस बदलायची वेळ झाली होती, म्हणून फोन ठेवला. ती वही समोर ठेवून मोटार भरली तर ती जळणार, हे जगात दोघांनाच माहीत होतं, एक तुम्हाला आणि एक मला. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. म्हणजे आता मी एकटीच.

हे लिहायला हाताशी दुसरा कागद नाही, म्हणून वहीच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. रविवारच्या आत ही पानं फाडून टाकीन. तुम्हाला वाचायचा कंटाळा. पेपरसुद्धा मलाच वाचायला लावायचात आणि मध्येच "पुढचं सांग, जल्दी" म्हणायचात. या वेळी जल्दी होणार नाही. बसा ऐकत.

हे घर तुम्ही पाहिलंय, माझी सोयरीक करायला आला होतात तेव्हा. जुन्या जालन्यातली तीच गल्ली, खाली धान्याची आडत, वर आम्ही. जिना अजून तेवढाच अरुंद आहे, तुम्ही खांदा घासून वर आला होतात. सासूबाईंचं एक अंग गेल्याला चार वर्षं झाली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यामुळं माझं जग दोन तासांचं आहे. भाजी आणायला उतरले तरी मनात घड्याळ चालू असतं. हे शाळेत मास्तर, सकाळी जातात, संध्याकाळी येतात. माणूस चांगला आहे. पण कूस बदलणं त्यांना जमत नाही असं आम्ही दोघांनी मिळून केव्हातरी ठरवून टाकलंय, आणि आता ते मोडायचं कुणी हा प्रश्न आहे. खाली मिरचीची पोती उतरली की वर आम्ही दोघी खोकत बसतो. कधी कधी वाटतं, आम्ही दोघी एकाच खाटेला खिळलोय, फरक एवढाच की मी उभी असते.

खाटेशेजारी स्टुलावर एक जुना लॅपटॉप असतो. दुपारी त्या डोळे मिटून पडल्या की मी तो उघडते. त्यावर काय करते ते यांनाही धड सांगता आलेलं नाही, तुम्हाला सांगून बघते. कॉम्प्युटर चालतो तो सॉफ्टवेअरवर, म्हणजे काम कसं करायचं ते लिहून ठेवलेलं असतं त्यावर. काही सॉफ्टवेअर कुलपात असतात, तुमच्या उस्तादानं तुम्हाला कधी न दाखवलेल्या वहीसारखे. काही मात्र उघडे असतात. कुणीही आत बघावं, वापरावं, सुधारावं. त्यांच्यासोबत वापरायची माहितीही लिहिलेली असते, आधी हे करा, मग ते करा. लिहिणारी शेवटी माणसंच, त्यामुळं चुका राहतात. कुठं आकडा जुना असतो, कुठं एक पायरीच गाळलेली असते. मी त्या शोधते आणि दुरुस्त करून पाठवते. सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस कुठल्या तरी मुलखात बसलेला असतो. तो तपासतो आणि पटलं तर घेतो. लग्नानंतर मी दोन वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत तात्पुरती होते, तिथं पहिली चूक सापडली. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची होती. माहितीत चौथी म्हणून दिलेली पायरी खरं तर सगळ्यांच्या आधी करायची होती. लिहिल्याबरहुकूम केलं की चढवलेली सगळी यादी पुसली जायची. माझी दोनदा पुसली, दोन्ही वेळा ग्रंथपालांनी मलाच झापलं. तिसऱ्यांदा मी हट्टानं एकेक पायरी तपासली, चूक सापडली, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवली. दोन दिवसांत ती बदलली गेली. तेव्हापासून हा नाद लागला. नोकरी सुटली, नाद सुटला नाही.

"कुणासाठी करून राह्यलीस हे समदं?" हे एकदा म्हणाले. "कोण वाचतं ते?" मी म्हटलं, ज्याचं अडतं तो वाचतो. त्यांनी मान हलवली आणि उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या. म्हणजे चुका शोधायच्या कामालाच लागले, फक्त त्यांना त्याचा पगार मिळतो.

तिथं एक रीत आहे, ती तुम्हाला बिलकुल आवडली नसती. चूक बदलली तरी जुनी ओळ पुसून जात नाही. मागं जाऊन बघितलं की दिसते. आधी काय होतं, कुणी बदललं, कधी बदललं. आणि बदलणाऱ्यानं कारण लिहायचं असतं, एक ओळ. कारण लिहिल्याशिवाय दुरुस्ती पुढं सरकत नाही. शेकडो ठिकाणी मी ती ओळ लिहिली असेल. 'आकडा जुना होता.' 'पायरी राहिली होती.' मला वाटायचं, यात अवघड ते काय.

मागच्या महिन्यात अशीच एक बारीकशी दुरुस्ती पाठवली. एका ठिकाणी थांबायचा वेळ कमी दिलेला होता, तेवढाच थांबलं की काम अर्ध्यात तुटायचं. ती घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसानं खाली लिहिलं, तीन आठवडे मी समजत होतो की माझ्यातच काही कमी आहे, बरं झालं चूक कागदात निघाली. मी ते वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. त्या दिवशी सासूबाईंची कूस बदलायला पाऊण तास उशीर झाला. त्या बिचाऱ्या बोलू शकत नाहीत, नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. तीन आठवडे नाही, वीस वर्षं एक माणूस असंच समजून मिलच्या भट्टीपुढं उभा आहे, आणि तो माझा पाठचा भाऊ आहे.

दुकान आठवतं का तुम्हाला? मला तर डोळे मिटले की दिसतं. तीर्थपुरीच्या मेन रोडला पत्र्याचा गाळा, दारात जळक्या मोटारी ओळीनं पडलेल्या, आत वॉर्निशचा वास. मी बारा वर्षांची आहे. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि मी स्टुलावर. तुम्ही लाकडी फरम्यावर तांब्याची तार गुंडाळताय, मी मोठ्यानं वेढे मोजतेय. गिऱ्हाईक येवो, ट्रक जावो, माझा आकडा चुकायचा नाही. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. तुम्ही तार तोडता आणि म्हणता, "लिही. तीन हॉर्सपॉवर. वेढे अडतीस."

"बेचाळीस झाले आण्णा."

"अडतीस लिही."

"पण मी मोजले ना!"

तुम्ही पक्कड खाली ठेवली. मारलं नाही, तुम्ही कधीच मारलं नाही, पण पक्कड अशी ठेवली की दारातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "मोजायचं येगळं, लिहायचं येगळं. सांगतो तेवढं लिही." मी अडतीस लिहिलं. रडत लिहिलं, अजून त्या पानावर शाई पसरलेली आहे, आत्ता बघितली.

आठवडाभरानं आपण दोघं तार आणायला जालन्याला गेलो होतो. परतीच्या एसटीत तुम्ही मला खिडकी दिलीत आणि हळू आवाजात सांगितलंत. उस्तादानं तुम्हाला चार वर्षं नुसत्या मोटारी धुवायला ठेवलं, वही कधी दाखवली नाही. तुम्ही चोरून मोजून शिकलात. मग दुकान टाकलंत, वही लिहिलीत, तर हाताखालच्या माणसानं ती उतरवून घेतली आणि रस्त्यापलीकडं स्वतःचा गाळा टाकला. "आपल्या वस्तीतला मेन रोडला दुकान टाकणारा मी पहिला. मी कवा पडतो याची वाट बघून राह्यलेत लोकं. म्हणून वहीत चार कमी. समद्या मोटारीला चार कमी. उतरवू दे आता कुणाला उतरवायचं ते." आणि हसलात. मलाही हसू आलं. मग म्हणालात, "कुणाला सांगायचं न्हाई. धाकट्याला बी न्हाई. त्याचा हात बसू दे, मंग मीच सांगीन त्याला." मी मान डोलावली. त्या दिवशी मला वाटलं, दुकान माझंच आहे.

पुढची सहा वर्षं मी चार कमी करून लिहीत गेले. तुम्ही नुसतं बघायचात, सांगायचीही गरज राहिली नव्हती. धाकटा मोटारी खोलायचा, धुवायचा, वॉर्निश द्यायचा. वेढे तुम्ही त्याला त्या त्या मोटारीपुरते तोंडी सांगायचात. एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात हातोडीनं बसवलीत. "जळक्या मोटारीवर भरवसा ठिवायचा न्हाई. तिला आधी कुणी कशी भरली कुणास ठाव. वहीवर भरवसा ठिवायचा." हे तुम्ही का बसवलंत आण्णा? तो पुढं सगळं सांगेपर्यंत थांबेल आणि तुम्ही सांगेपर्यंत जगाल, एवढी खात्री कशाची होती?

माझं लग्न ठरलं त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर चहा घेत होता. मी म्हटलं, लग्न दोन वर्षांनी करू, मी दुकानात बसते, मला मोटार भरता येते. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "तुला येतं, मला ठाव हाये. पण तू लोकाच्या घरी जानार. दुकान त्याचं." मी म्हटलं, त्याला तर वेढेसुद्धा मोजता येत नाहीत. तुम्ही म्हणालात, "शिकंल." आईनं भाकरी उलटली. विषय संपला. लग्नात तुम्ही मला मिक्सर दिलात. जुना, तुमच्या हातानं भरलेला, वर नवा रंग मारलेला. "ह्यो जळणार न्हाई," म्हणालात. धाकट्याला त्याच आठवड्यात तुमचा मायक्रोमीटर दिलात, तार मापायचा, जो तुम्ही मला कधी घरी नेऊ दिला नव्हता. मिक्सर अजून चालतो, कौतुक आहे तुमच्या हाताचं. रोज सकाळी चटणी वाटताना मी त्याला मनातल्या मनात शिव्या देते आणि धूळ बसू देत नाही.

वर्षभरात तुम्ही गेलात. दुकानात छातीत कळ आली, घनसावंगीला जीपमधून नेईपर्यंत संपलं. चौदा दिवसांनी धाकट्यानं शटर उघडलं. अठरा वर्षांचं पोर. वही समोर ठेवून त्यानं मोटारी भरल्या. फिरायच्या, पाणी फेकायच्या, आठ-पंधरा दिवसांत गरम होऊन जळायच्या. एकामागं एक तीन जळाल्या. घनसावंगीकडचा एक ऊसवाला भर रस्त्यात त्याला म्हणाला, "तुझ्या बापानं भरलेली मोटार धा वर्सं चालली. तुझी धा दिवस न्हाई. बापाच्या हाताला गुण हुता, तुझ्या न्हाई." लोक ते ऐकून घरोघर घेऊन गेले. उन्हाळ्याच्या आत दुकान बंद झालं. तेव्हापासून त्यानं मोटारीला हात लावलेला नाही. घरचा पंखा बंद पडला तर मेकॅनिक बोलावतो. त्याच्या बायकोनं एकदा मला हसत सांगितलं, "ह्यांच्या हाताला गुण न्हाई म्हणं, सोताच म्हणतेत." मीही हसले. हसावं लागलं.

दुकान उचललं तेव्हा वही मी मागून घेतली. कुणी विचारलंही नाही कशाला.

परवा फोन आल्यापासून रोज दुपारी मी वही दुरुस्त करतेय. लॅपटॉपला हात लावलेला नाही. पहिल्यांदा वाटलं, नवी वही आणावी, खरे आकडे सुबक उतरवावेत आणि जुनी चुलीत घालावी. त्याला कळणारही नाही. दुकान चालेल. पण मग तो जन्मभर म्हणत राहील की मागच्या वेळी माझाच हात बसला नव्हता. म्हणून तसं केलं नाही. तुमच्या आणि माझ्या प्रत्येक आकड्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचं दिसेल अशी, आणि शेजारी खरा आकडा लिहिला. अडतीसचे बेचाळीस. छत्तीसचे चाळीस. सगळी पानं झाली, आज शुक्रवारी संपली. आणि आता कारणाच्या ओळीशी अडकलेय.

कारण लिहिलं तर तुम्ही जाता. त्याच्या देवघरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी तुमचाच फोटो आहे, कामावर निघताना हात जोडतो. नाही लिहिलं तर तो जातो, गेलेलाच आहे. दोन दिवस मी स्वतःला सांगतेय की मी तुमचा शब्द पाळतेय, कुणाला सांगायचं न्हाई, धाकट्याला बी न्हाई. एवढी वर्षं हेच सांगत आले. बाप मरून गेला, शब्द मागं राहिला, लेक अडकली. ऐकायला बरं वाटतं.

तसं नाहीये आण्णा. पहिली मोटार भरायच्या आधी धाकट्यानं मला फोन केला होता. तेव्हा फोन खालच्या आडतीत होता, शेटजी जिन्यात उभे राहून हाक मारायचे. मी गव्हाच्या पोत्यांमध्ये उभी राहून बोलले. तो म्हणाला, "आक्का, जळकी कॉईल मी सोता मोजली. बेचाळीस निघाले. वहीत तर अडतीस हायेत, तुझ्याच अक्षरात. काय धरू?" त्यानं बरोबर मोजलं होतं. ज्याला वेढे मोजता येत नाहीत म्हणून मी आईच्या चुलीपुढं सांगितलं होतं, त्यानं एकट्यानं, अंधाऱ्या गाळ्यात, बरोबर मोजलं होतं. बेचाळीस माझ्या ओठावर होतं. तुमचा शब्द मला त्या क्षणी आठवलासुद्धा नाही. आठवला तो मायक्रोमीटर. मी म्हणाले, "आण्णा काय सांगायचे? जळक्या मोटारीवर भरवसा ठेवायचा नाही. वहीतलं धर."

एकच मोटार जळेल असं वाटलं होतं. मग तो पुन्हा विचारेल, मग मी सांगीन, मग त्याला आणि तुम्हाला कळेल की दुकान कुणाचं होतं. तुम्ही तर नव्हतातच कळून घ्यायला. पहिली जळाली तेव्हा सांगायचं तर आधी का नाही सांगितलं ते सांगावं लागलं असतं. दुसरी जळाली तेव्हा दोनचं सांगावं लागलं असतं. आणि त्यानं पुन्हा विचारलंच नाही. त्याचा माझ्यावर भरवसा होता, मला विचारून झालं होतं. आता वीस वर्षांचं सांगावं लागेल. जगभरच्या लोकांच्या चुका मी दुरुस्त करत बसते त्या उगीच नाही.

रविवार. खाली त्याची गाडी थांबली. शेटजींशी बोलतोय, डोळ्यांचं सांगतोय. सासूबाईंची कूस आत्ताच बदलली, म्हणजे दोन तास आहेत. पानं कापायची तर कात्री त्यांच्या औषधांच्या डब्यात, हात लांबवला की मिळेल.

"आक्का, सापडली का वही?" जिन्यातून विचारतोय.

सापडली म्हटलं, ये वर.

पानं फाडलेली नाहीत. आणि एक राहिलं, सुरुवातीला तुम्हाला खोटं सांगितलं. मास्तरांचं घर आहे हे. घरात कोरे कागद होते आण्णा, कपाटभर होते.